मासळीच्या तेलाची गोळी आणि उतारवयातला हृदयाचा ताल

सोनपेठ हे परभणी जिल्ह्यातले, बीडच्या हद्दीलगतचे तालुक्याचे गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. घरोघरी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, जवसाची नाहीतर कारळाची चटणी असा स्वयंपाक. करडईच्या तेलाची चव जुन्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. कितीतरी घरांत वडीलधारी माणसे माळकरी, म्हणजे मासळीचा संबंधच नाही. तरीही मासळीचे तेल आता अशा गावांपर्यंत पोचले आहे, आणि तेही बहुतेक वेळा त्याचे खरे नाव न घेता. मेडिकलमध्ये ती 'ओमेगा'ची गोळी असते. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला मुलगा ऑनलाइन मागवून तिचा मोठा डबा आईवडिलांकडे पाठवतो. गुडघ्यांसाठी, हातापायाच्या मुंग्यांसाठी किंवा नुसत्या ताकदीसाठी दिलेल्या मिश्र कॅप्सूलमध्ये मेथिलकोबालामिन आणि जिनसेंगच्या जोडीला हे तेल बसलेले असते. घेणाऱ्याची समजूत एकच: हृदयाला चांगले. या समजुतीचा एक नेमका भाग इथे तपासायचा आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांवर या तेलाचा काय परिणाम होतो? गेल्या पन्नास वर्षांचा पुरावा एकत्र वाचला की उत्तर बरेच स्पष्ट होते. ज्या मात्रेत हे तेल जवळजवळ निरुपद्रवी आहे त्या मात्रेत त्याचा भरवशाचा फायदा दिसत नाही, आणि ज्या मात्रेत फायद्याचा दावा आहे त्याच मात्रेत ते ठोक्यांचा ताल बिघडवते.

ताल बिघडण्याचे प्रकार अनेक आहेत, पण म्हातारपणी सर्वांत जास्त आढळणारा आणि या प्रश्नाच्या केंद्रस्थानी असलेला प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांच्या बोलण्यात 'एएफ'. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात, आणि खालच्या कप्प्यांना, निलयांना, इशारे कसेही मिळू लागतात. मनगटावर बोट ठेवले तर नाडी कधी भरभर, कधी रेंगाळत, कुठलाच हिशेब न जुळणारी लागते. कुणाला छातीत धडधड होते, कुणाला चार पायऱ्या चढून धाप लागते, आणि अनेकांना काहीच जाणवत नाही. खरा धोका त्या धडधडण्यात नाही. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळते, त्याची गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायूचा झटका येतो, ज्याला आपल्याकडे लकवा म्हणतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या दीर्घ अभ्यासाने १९९१ मध्ये दाखवून दिले की एएफ असलेल्यांत अशा झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट असतो. पन्नाशीतल्या लोकांच्या झटक्यांपैकी दीड टक्का एएफमुळे येतात, तर ऐंशी ते एकोणनव्वद या वयात हे प्रमाण साडेतेवीस टक्क्यांवर जाते. म्हणजे वय वाढते तसा हा एकच बिघाड मेंदूला अधिकाधिक महाग पडत जातो. भारतात चित्र आणखी वेगळे आहे. देशातल्या २४ केंद्रांवरच्या १,५३७ एएफ रुग्णांच्या नोंदवहीत रुग्णांचे सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघाले, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना संधिवाताच्या तापाने झालेला झडपांचा आजार होता. लहानपणी घसा दुखून आलेल्या तापाचा हा उशिरा चुकवावा लागणारा हिशेब आहे. तेव्हा आपल्याकडच्या ज्येष्ठाचे हृदय या बाबतीत मुळातच अधिक नाजूक धरले पाहिजे.

आता हे तेल हृदयाचे औषध झाले कसे, ते पाहू. आधीच्या पिढ्यांनाही माशाच्या यकृताचे तेल ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धात कॉड लिव्हर ऑइलची आयात थांबली तेव्हा भारतात शार्कच्या यकृताचे तेल काढायला सुरुवात झाली होती. पण ते अ आणि ड जीवनसत्त्वासाठी, हृदयाशी त्याचा संबंध नव्हता. हृदयाची कथा सुरू होते १९७१ च्या सुमारास. हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलँडच्या इनुइट लोकांचे रक्त तपासले आणि सील-मासळीवर जगणाऱ्या या लोकांत हृदयविकार कमी असण्याचा संबंध ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-३ मेदाम्लांशी जोडला. कल्पना आकर्षक होती. मात्र या लोकांत हृदयविकार खरोखर किती होता हे त्यांनी स्वतः मोजले नव्हते; तिथल्या सरकारी नोंदींवर भिस्त ठेवली होती, आणि २०१४ मध्ये कॅनडातल्या अभ्यासकांनी त्या नोंदी किती अपुऱ्या होत्या हे दाखवले. तोवर मधली चार दशके निघून गेली होती. १९८९ मध्ये वेल्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांचा अभ्यास झाला. ज्यांना तेलकट मासळी खायला सांगितले त्यांच्यात दोन वर्षांतले मृत्यू २९ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ मध्ये इटलीच्या ११,३२४ रुग्णांवरच्या 'जीआयएसएसआय' चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत, विशेषतः अचानक येणारा मृत्यू कमी झाला. अचानक मृत्यू म्हणजे बहुतेकदा निलयांचा ताल कोसळणे. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या हृदयावर हे तेल निलये शांत ठेवते असे दिसत होतेच. दोन्ही धागे जुळले आणि मासळीचे तेल ताल सांभाळणारे औषध म्हणून मान्यता पावले. हृदयासाठी त्याची जी ख्याती आजही टिकून आहे, तिचे मूळ तालाच्या या आश्वासनातच आहे. म्हणून त्याच आश्वासनाचे पुढे काय झाले हे पाहणे न्याय्य ठरते.

ते टिकले नाही. ज्यांच्या छातीत धक्का देणारे यंत्र बसवले आहे, म्हणजे ज्यांच्या निलयांचा प्रत्येक बिघाड यंत्रात नोंदला जातो, अशा रुग्णांवर हा दावा अगदी थेट तपासता येत होता. २००५ च्या अमेरिकी चाचणीत २०० जणांमध्ये तेल घेणाऱ्यांचे बिघाड कमी तर झाले नाहीतच, काहींत ते वाढलेले दिसले. २००६ मध्ये युरोपातल्या ५४६ जणांच्या चाचणीतही फायदा निघाला नाही. ज्या वेल्समधून मासळीची शिफारस निघाली होती, तिथेच २००३ मध्ये छातीत कळ येणाऱ्या ३,११४ पुरुषांवर दुसरी चाचणी झाली. मासळीचा सल्ला मिळालेल्यांत अचानक मृत्यू उलट जास्त झाले, आणि मासळी खाणाऱ्यांपेक्षा कॅप्सूल घेणाऱ्यांत अधिक. मग आशा अलिंदांकडे वळली. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना एएफ होते. २००५ मध्ये इटलीतल्या १६० रुग्णांच्या छोट्या अभ्यासात तेलाने ते निम्म्यावर आले असे वाटले. २०१२ मध्ये तीन देशांतल्या १,५१६ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली तेव्हा तेल घेतलेल्यांत एएफचे प्रमाण ३० टक्के आणि नकली गोळी घेतलेल्यांत ३०.७ टक्के निघाले. एकदा होऊन गेलेले एएफ परत येऊ नये म्हणून २०१० मध्ये ६६३ जणांना मोठ्या मात्रेत तेल देऊन पाहिले, तेही निष्फळ. लहान अभ्यासात चमकलेली आणि मोठ्या अभ्यासात विझलेली औषधे वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळ आहेत. पण बाजाराने यांतला पहिला अर्धाच ऐकला.

दरम्यान एकूण हृदयविकारावरचा फायदाही ओसरत गेला होता. २०१२ ची मधुमेही आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या १२,५३६ जणांची 'ओरिजिन', २०१३ ची इटलीतल्या साडेबारा हजारांची, २०१८ ची १५,४८० मधुमेहींची 'असेंड' आणि त्याच वर्षी जाहीर झालेली २५,८७१ अमेरिकनांची 'व्हायटल', या चारही चाचण्यांत रोज सुमारे एक ग्रॅमची गोळी वर्षानुवर्षे दिली गेली. चारही ठिकाणी मुख्य प्रश्नाचे उत्तर एकच आले: फरक नाही. १९९९ ची इटालियन चाचणी खुली होती, कोण काय घेतो हे सर्वांना माहीत होते, आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनसारखी औषधे तेव्हा आजच्याइतकी सरसकट दिली जात नव्हती. पुढची उपचारपद्धती सुधारली तशी तेलाला करण्यासारखे काही उरले नाही, हे स्पष्टीकरण मला पटते. युरोपीय औषध संस्थेने २०१८ च्या अखेरीस तसे जाहीरच केले: झटक्यानंतर पुढचा त्रास टाळण्यासाठी ही औषधे परिणामकारक नाहीत.

एवढ्यावर थांबता आले असते, निरुपयोगी पण निरुपद्रवी गोळी म्हणून. तसे झाले नाही, आणि या प्रश्नाचा गाभा इथे आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात 'रिड्यूस-इट' चाचणीचे निकाल आले. भारतासह ११ देशांतले ८,१७९ रुग्ण, सर्वांच्या रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेली, सर्व स्टॅटिनवर. त्यांना रोज चार ग्रॅम शुद्ध ईपीए. हृदयविकाराचे मोठे प्रसंग २५ टक्क्यांनी घटले. त्याच तक्त्यांत खाली एक ओळ होती: एएफसाठी दवाखान्यात दाखल व्हावे लागलेले ३.१ टक्के, विरुद्ध नकली गोळीवरचे २.१ टक्के. एका चाचणीत असे दिसले तर योगायोग म्हणता येतो. २०२० मध्ये 'स्ट्रेंग्थ' आली. २२ देश, १३,०७८ रुग्ण, ईपीए-डीएचए मिळून चार ग्रॅम. फायदा नाही म्हणून ती मध्येच थांबवली गेली, पण एएफ २.२ टक्के विरुद्ध १.३ टक्के. त्याच सुमाराची नॉर्वेची 'ओमेमी' चाचणी आपल्या विषयाला सर्वांत जवळची, कारण ती केवळ सत्तर ते ब्याऐंशी वर्षांच्या लोकांवर होती. नुकताच झटका येऊन गेलेल्या १,०२७ ज्येष्ठांना दोन वर्षे मध्यम मात्रा दिली गेली. मृत्यू, झटका, अर्धांगवायू यांत काही फरक पडला नाही. नव्याने एएफ सुरू झालेले मात्र तेलाच्या गटात ७.२ टक्के आणि दुसऱ्या गटात ४ टक्के. एवढ्या लहान चाचणीत हा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात कमी पडला हे खरे, पण दिशा तीच. जपानच्या २०२२ च्या चाचणीत, म्हणजे जिथे लोक मुळात भरपूर मासळी खातात तिथेही, १.८ ग्रॅम ईपीएवर ३.१ टक्के विरुद्ध १.६ टक्के. 'व्हायटल'च्या लोकांत एक ग्रॅमच्या आतल्या मात्रेवर ३.७ विरुद्ध ३.४, हा फरक नगण्य म्हणावा असा. २०२१ मध्ये सात चाचण्यांतल्या ८१,२१० लोकांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. एएफचा धोका एकूण २५ टक्क्यांनी वाढलेला. एक ग्रॅमपर्यंतच्या मात्रेत १२ टक्क्यांनी, त्यावरच्या मात्रेत ४९ टक्क्यांनी. मात्रा वाढते तसा परिणाम वाढतो, देश बदलले, तेलाचा प्रकार बदलला, तरी तो टिकतो: कारण आणि कार्य यांचा संबंध जोडायला वैद्यक ज्या खुणा शोधते त्या बहुतेक इथे आहेत. २०२३ मध्ये युरोपीय नियामकांनी एएफला या औषधांच्या नेहमी आढळणाऱ्या दुष्परिणामांच्या यादीत घातले.

असे का व्हावे, याची पक्की उकल झालेली नाही, पण दिशा दिसते. ही मेदाम्ले हृदयपेशींच्या आवरणात शिरतात आणि सोडियम-कॅल्शियमची ये-जा बदलतात. विश्रांतीतले ठोके थोडे मंदावतात, व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. निलयांना जे शांत करते तेच ताणलेल्या, वयाने तंतुमय झालेल्या अलिंदांना थरथरण्याची मोकळीक देते, असे मानायला जागा आहे.

पहिला आक्षेप उघड आहे. सोनपेठच्या मेडिकलमधली साधी गोळी चार ग्रॅमची नसते, मग ही भीती कशाला? इथे डब्यावरचे आकडे नीट वाचले पाहिजेत. पुढे ठळक '१००० मिलिग्रॅम' लिहिलेले असते, ते मासळीच्या तेलाचे वजन. मागच्या बारीक अक्षरांत सहसा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असते, म्हणजे कामाचा भाग ३००. 'रिड्यूस-इट'ची मात्रा गाठायची तर अशा तेराच्या आसपास गोळ्या रोज लागतील. तेव्हा आक्षेप बरोबर आहे: एका साध्या गोळीने कुणाला एएफ होण्याची शक्यता फार थोडी. पण हेच गणित फायद्यालाही लागू होते. चार ग्रॅमच्या चाचणीतला २५ टक्क्यांचा आकडा तीनशे मिलिग्रॅमच्या गोळीला चिकटवता येत नाही. तीनशेच्या जवळपासच्या मात्रांनी मोठ्या चाचण्यांत काही साधलेले नाही. शिवाय 'ट्रिपल स्ट्रेंग्थ' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत हा भाग तिप्पट असतो, दोन-दोन घ्या असे सांगितलेले असते, वर गुडघ्याची मिश्र कॅप्सूल वेगळी. हिशेब कुणी ठेवत नाही, आणि एक ग्रॅमची रेषा नकळत ओलांडली जाते. २०२४ मध्ये ब्रिटनच्या चार लाख पंधरा हजारांवर लोकांची जवळजवळ बारा वर्षांची नोंद प्रसिद्ध झाली. हृदयविकार नसलेल्यांत नेहमी हे तेल घेणाऱ्यांना एएफ होण्याचा धोका १३ टक्क्यांनी जास्त दिसला. ही निरीक्षणे आहेत, चाचणी नव्हे, आणि ज्यांना आधीच हृदयविकार होता त्यांच्यात काही बाबतींत उलट, अनुकूल कल दिसला. तो लपवण्याचे कारण नाही. पण निरोगी ज्येष्ठाने सावधगिरी म्हणून घ्यायची गोळी, या भूमिकेला ती नोंद आधार देत नाही एवढे नक्की.

दुसरा आक्षेप कोकणातून येईल. मासळी खाणारे काय एएफने मरतात? नाही, आणि पुरावाही तसे म्हणत नाही. २०२३ मध्ये १७ अभ्यासांतल्या जवळजवळ ५५ हजार लोकांच्या रक्तातली ओमेगा-३ पातळी तपासली गेली. जेवणातून येणाऱ्या पातळीत डीएचए जास्त असलेल्यांत एएफ थोडे कमीच होते. ५८ देशांतल्या एक लाख नव्वद हजारांवर लोकांच्या २०२१ च्या अभ्यासात, आधी हृदयविकार असलेल्यांनी आठवड्यातून दोनदा मासळी खाल्ली तर त्यांचे बरे चालल्याचे दिसले. निरोगी लोकांत मात्र फरक नव्हता. बांगडा किंवा तारली ताटात येते तेव्हा प्रथिने, सेलेनियम, ड जीवनसत्त्व घेऊन येते, कदाचित मटणाची जागा घेते, आणि ईपीए-डीएचए रोज थोडेथोडे, पिढ्यानपिढ्यांच्या सवयीने येते. त्यातून वेगळा काढलेला, शुद्ध केलेला, एका झटक्यात पातळी चढवणारा अर्क हे दुसरेच द्रव्य आहे. गोदावरीतल्या रोहू-कटल्याचे म्हणाल तर त्यांत ही मेदाम्ले समुद्री तेलकट मासळीच्या मानाने थोडीच असतात, पण चांगले अन्न म्हणून त्यांची किंमत त्यामुळे कमी होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो थेट मराठवाड्याच्या बाजूने येतो. 'व्हायटल'मध्ये जे लोक आठवड्याला दीडपेक्षा कमी वेळा मासळी खात होते, त्यांच्यात तेलाने हृदयविकाराचे मोठे प्रसंग १९ टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणजे ज्याच्या ताटात मासळी कधीच येत नाही अशा सोनपेठच्या माळकरी आजोबांनाच गोळीचा फायदा होणार नाही का? युक्तिवाद सुसंगत आहे. तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरी तीन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. मूळ प्रश्नाचे उत्तर 'फरक नाही' आल्यावर उपगटांत शोधलेला हा फायदा आहे. असे उपगट अनेक पाडले की एखाद्यात अनुकूल आकडा निघणे स्वाभाविक असते. मासळी कमी खाणारा अमेरिकन आणि जन्मात मासळी न खाल्लेला मराठवाड्यातला शेतकरी यांच्या आहारात, वजनात, औषधांत फार अंतर आहे. आणि ज्या भारतीय चाचणीकडे बोट दाखवता आले असते ती भरवशाची राहिलेली नाही. १९९७ मध्ये मुरादाबादहून ३६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात मासळीचे तेल आणि मोहरीचे तेल दोन्ही झटक्यानंतर उपयोगी पडल्याचे म्हटले होते. पण त्याच संशोधकांच्या आहारविषयक इतर अभ्यासांवर २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' आणि 'लॅन्सेट' या दोन्ही नियतकालिकांनी जाहीर शंका घेतली. तेव्हा शाकाहारी भारतीय ज्येष्ठांवर, तालाची नोंद ठेवून केलेली स्वतंत्र चाचणी व्हायला हवी. ती होईपर्यंत गृहीतकावर म्हाताऱ्या माणसाचे हृदय टाकायचे नाही, असे माझे मत आहे. तोवर शाकाहारी घराला जवस आहेच. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. शरीर त्यातले फारच थोडे ईपीएत आणि त्याहून थोडे डीएचएत बदलते, म्हणून जवस हे मासळीच्या तेलाला पर्याय म्हणून मिरवू नये. पण भाकरीबरोबरची चटणी अन्न म्हणून उत्तम आहे आणि तिने ताल बिघडल्याचा पुरावा नाही.

चौथा आक्षेप आकड्यांचा. शंभरात एक जास्त, तोही पाच वर्षांत, ही वाढ खरोखर एवढी मोठी आहे का? शंभरात एक हा आकडा लहान वाटतो तो फायद्याशी तोलला नाही म्हणून. 'रिड्यूस-इट'च्या रुग्णांत, ज्यांचा धोका फार मोठा होता, त्याच पाच वर्षांत शंभरात जवळजवळ पाच प्रसंग टळले. तिथे तोल फायद्याकडे झुकतो असे म्हणता येईल. ज्याला फायदाच शून्य, त्याच्यासाठी शंभरात एक ही शुद्ध हानी. आणि एएफ लागले की ते एका गोळीपुरते राहत नाही. रक्त पातळ करणारे औषध जन्माला चिकटते. झडप अरुंद झालेली असेल तर २०२२ च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीप्रमाणे अजून वॉरफरिन-ॲसिट्रॉमच्या जातीचीच औषधे चांगली, म्हणजे रक्त किती पातळ झाले हे सांगणारी आयएनआर तपासणी नियमाने करणे आले. खेड्यातून त्यासाठी एक दिवस, एक सोबती आणि एस.टी.चे भाडे लागते. पडलो तर रक्तस्रावाची भीती वेगळी.

उरला तो रुग्ण ज्याचे ट्रायग्लिसराइड खरोखर खूप वाढलेले आहे आणि ज्याला तज्ज्ञाने चिठ्ठीवर ईपीए लिहून दिले आहे. त्याच्या बाबतीत वरचे बोलणे सरसकट लागू नाही. अर्थात त्याच्या बाजूने उभ्या असलेल्या 'रिड्यूस-इट'विषयीही वाद आहे. तिथल्या नकली गोळीत खनिज तेल होते, आणि त्या गटात एलडीएल आणि दाहाचे मापक दोन्ही वाढले, त्यामुळे तेलाचा फायदा फुगलेला दिसला असावा असे अनेकांना वाटते, आणि मक्याचे तेल वापरणाऱ्या 'स्ट्रेंग्थ'मध्ये फायदा निघाला नाही हे या शंकेला बळ देते. पण हा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण यांनी धोका समोर ठेवून घ्यायचा आहे. अशा माणसाने हा लेख वाचून औषध आपण होऊन थांबवू नये. पूर्वी एएफ झाले होते, झडप खराब आहे किंवा ॲसिट्रॉम चालू आहे, ही गोष्ट मात्र डॉक्टरांना सांगायलाच हवी. मेडिकलमधून आपणच आणलेल्या गोळीचे नावही सांगायला हवे, कारण ती चिठ्ठीवर नसल्यामुळे डॉक्टरांना माहीतच नसते.

एका वेगळ्या कारणानेही ते नाव उच्चारले गेले पाहिजे. खाद्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर नियमाने मांसाहाराची तपकिरी खूण असते, आणि औषधी उपयोगासाठी नाही असेही लिहिलेले असते. पण पट्टीतून सुटी गोळी काढून हातावर ठेवली जाते तेव्हा दोन्ही दिसत नाहीत. ज्याने गळ्यातली तुळशीची माळ चाळीस वर्षे सांभाळली, त्याला मासळीचे तेल न सांगता देणे हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे. फायदा मोठा असता तर त्याला सांगून, विचारून द्यायचे होते. फायदा नाही तेव्हा तर काही समर्थनच उरत नाही.

ज्येष्ठाच्या हृदयाच्या तालासाठी काही करायचेच असेल तर ते गोळीच्या डब्यात नाही, मनगटावर आहे. वाढलेला रक्तदाब, थायरॉइडचा बिघाड, दारू, झोपेत अडकणारा श्वास, जुनी झडप, ही एएफची खरी कारणे. त्यांतली बहुतेक सापडली तर आटोक्यात येतात. आणि लागलेले एएफ वेळेवर सापडले तर लकवा टाळता येतो. गुजरातच्या आणंद जिल्ह्यात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी मोबाइलला जोडलेल्या लहान यंत्राने पन्नाशीपुढच्या सुमारे दोन हजार लोकांचा ताल तपासला, तेव्हा दीड टक्क्याच्या आसपास लोकांत एएफ आढळले. आपल्याकडे तिशीवरच्या लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम गावोगाव चालू आहेच. त्याच वेळी साठीपुढच्या प्रत्येकाची नाडी पुरा एक मिनिट धरून ती एकसारखी लागते की नाही एवढी नोंद आशाताईंच्या वहीत झाली, तर नवा खर्च जवळजवळ नाही. नाडी वेडीवाकडी लागली तर ईसीजी ग्रामीण रुग्णालयात निघतो, आणि झडपेची शंका आली तर इको करायला अंबाजोगाईचे किंवा परभणीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे.